पहिली तारीख

नोकरदार माणसाला ‘पहिली तारीख’ म्हटले की पगार आठवतो. बँकेत चौतीस वर्षे काढल्यामुळे मला तर दुसरे काही आठवायचे कारणच नव्हते. पण गेल्या काही महिन्यांत या दोन शब्दांचा अर्थ माझ्यापुरता बदलला आहे. आता मला आठवते ती कोर्टाची पहिली तारीख. तीही एका सोळा वर्षांच्या मुलाची.

निवृत्तीनंतर मी तळोज्याला राहायला आलो. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला सिडकोने आखलेल्या इमारती, दिवा-पनवेल मार्गावरचे जुने स्टेशन आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूरहून पेंधरपर्यंत येणारी मेट्रो, असा आमचा परिसर. रात्री वाऱ्याने दिशा बदलली की कारखान्यांचा वास घरात शिरतो. कासाडी नदीच्या पाण्याबद्दल न बोललेलेच बरे. पण बाहेरगावच्या माणसाला तळोजा सांगितले की तो यातले काहीच विचारत नाही. तो म्हणतो, “म्हणजे ते जेलचं तळोजा का?” होय, तेच. ज्याचे नाव वर्तमानपत्रांत अधूनमधून येते ते मध्यवर्ती कारागृह आमच्या घरापासून फार लांब नाही.

भेटीच्या दिवशी शेअर रिक्षात कारागृहाकडे निघालेल्या बायका असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद, कागदांवर घडी पडून पडून फाटायला आलेल्या रेघा. माझ्या पांढऱ्या केसांमुळे आणि चष्म्यामुळे असेल, कागद वाचून द्या म्हणून मला विचारणारे कोणी ना कोणी भेटतेच. त्या दिवशी भेटलेल्या बाईंकडे दोन कागद होते. “काका, ह्यातला मोठ्याचा कुठला आन् धाकट्याचा कुठला, तेवढं सांगा.” मोठा बावीस वर्षांचा, कारागृहात. त्याला जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. धाकटा सोळा पूर्ण. एका बंद कारखान्याच्या शेडमधून तांब्याच्या तारा काढून भंगारवाल्याकडे नेताना सापडला. बरोबरचे दोघे थोराड होते, ते पळाले. त्याच्या कागदावर ‘बाल न्याय मंडळ’ असे लिहिलेले होते आणि खाली पुढच्या आठवड्यातली तारीख होती.

कोणता कागद कोणाचा ते मी सांगितले. बाईंनी दोन्ही कागद वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. मग समोर दिसू लागलेल्या उंच भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या, “मोठ्याच्या टायमाला मला काय बी कळलं न्हाई. आता धाकट्याला तरी कोर्ट हिकडं येऊ देणार न्हाई ना?”

या बाईंची ओळख पटेल असा सगळा तपशील मी येथे गाळला आहे. कायद्यानेच तसे बंधन आहे आणि ते योग्य आहे. पण त्यांचा प्रश्न मात्र गाळता येत नाही. आपण समजतो की गुन्हा आधी घडतो, कोर्ट मागाहून येते. रोखण्याचे काम आईबापांचे, शाळेचे, फार तर पोलिसांचे. त्या बाई मात्र कोर्टाकडे वेगळ्याच अपेक्षेने पाहत होत्या. मोठ्याच्या वाटेने निघालेल्या धाकट्याला कोर्टाने हाताला धरून परत फिरवावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मला ती सुरुवातीला भाबडी वाटली. नंतर कायदा वाचला तेव्हा कळले की कायद्याचीही नेमकी हीच अपेक्षा आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आज लागू असलेला बाल न्याय कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेला. या कायद्यात ‘बालगुन्हेगार’ हा शब्द वापरत नाहीत. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा जड शब्द आहे. उच्चारायला अवघड, पण अर्थ चांगला आहे. मूल कायद्याशी झगड्यात सापडले आहे, ते गुन्हेगार म्हणून जन्मलेले नाही. अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे आणावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही, हातकड्या नाहीत. परिविक्षा अधिकारी, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरी जाऊन पंधरा दिवसांत अहवाल देतो: घरात कोण आहे, शाळा का सुटली, संगत कोणाची. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून घ्यायचे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यात संपली नाही तर प्रकरणच बंद होते.

आणि शेवटी मंडळ काय करू शकते? समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन सांगू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते, पालकांना दंड करू शकते, शाळेत किंवा धंदेशिक्षणाला घालू शकते, देखरेखीखाली सोडू शकते. आणि यांतले काहीच पुरेसे नसेल तर जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल तर प्राथमिक पडताळणी करून त्याचा खटला सज्ञानासारखा चालवण्यासाठी वरच्या न्यायालयाकडे पाठवण्याचीही सोय २०१५ पासून आहे. म्हणजे कागदावर तरी हे न्यायालय शिक्षकाचे, डॉक्टरचे आणि घरातल्या वडीलधाऱ्याचे काम एकदमच करते.

ही कल्पना आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. १८५७ साली, बाहेर बंडाची धामधूम चालू असताना, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारशाळा सुरू झाली. १९२४ साली मुंबई प्रांताने मुलांचा स्वतंत्र कायदा केला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या ज्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, तेथेच पुढे मुलांचे रिमांड होम आले. आमच्या पिढीला लहानपणी “डोंगरीला पाठवीन” अशी धमकी ऐकावी लागे, ती त्याच इमारतीची. तुरुंगाचे मुलांचे घर केले ही पुढारलेली गोष्ट खरीच. पण आयांनी त्याची धमकी केली यावरून भिंती किती बदलल्या आणि किती नाही, हेही कळते.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कोणत्याही कादंबरीत घातली नाही, कारण तीत माझी बाजू चांगली दिसत नाही.

१९९१ साली मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत अधिकारी होतो. शाखेत चहा आणून देणारा एक पोरगा होता. एके दिवशी काउंटरवर ठेवलेले एका खातेदाराचे चारशे रुपये गेले आणि झडतीत ते त्या पोराच्या खिशात मिळाले. तक्रारीचे पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले होते. नाव, पत्ता, घटनेची वेळ, रक्कम अक्षरी आणि अंकी, सगळे मी चोख लिहिले. वयाच्या ठिकाणी आलो तेव्हा काचेतून बाकावर बसलेल्या पोराकडे एकदा पाहिले. अंगाने थोराड होता, ओठांवर मिसरूड होती. मी लिहिले, ‘अंदाजे वय १८’.

तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता आणि मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती. मला तो कायदा ठाऊक नव्हता, ही सबब होऊ शकत नाही. मी तो माणूस होतो जो पाच हजारांच्या कर्जालाही शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय हात लावत नसे. पुढच्या प्रत्येक कागदावर माझाच आकडा उतरत गेला. आठ दिवसांनी त्याची आई दाखला घेऊन आली. वय चौदा वर्षे पाच महिने. ते आठ दिवस तो मोठ्या माणसांबरोबर कोठडीत होता. मग कागद दुरुस्त झाले, तो सुटला, प्रकरण मिटले. चहावाल्याने त्याला पुन्हा ठेवले नाही आणि ठेव म्हणून मीही सांगितले नाही. काही महिन्यांनी तो एकदा बँकेच्या दारात आला. बरोबर दोन मोठे पोरगे होते, त्या आठ दिवसांतल्या ओळखीचे. माझ्याकडे पाहून तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, ओळख होती एवढेच. त्यानंतर तो मला दिसला नाही.

चारशे रुपयांच्या चोरीतून त्याला जे शिकायला मिळाले नसते ते माझ्या दोन आकड्यांनी शिकवले, असे मला आजही वाटते.

ही माझी एकट्याची चूक असती तर मी ती माझ्यापाशीच ठेवली असती. पण २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला आणि झोप उडाली. १९९४ साली पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला होता. त्यांत मुले होती, एक गर्भवती स्त्री होती. महाराष्ट्र हादरला होता आणि हादरण्यासारखेच ते होते. त्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून ते सिद्ध झाले. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. कायद्याने त्याला ठेवता आले असते ते फार तर तीन वर्षे. त्या घरावर जे कोसळले त्यापुढे कोणत्याही आरोपीची कीव करायला जीभ धजत नाही, आणि मीही ती करत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय या सगळ्या पायऱ्या चढून फाशी कायम झाली, तोवर ‘याचे वय काय?’ हा साधा प्रश्न नीट का विचारला गेला नाही? कागदोपत्री तो सज्ञान होता आणि कागद पुढे सरकत राहिला.

म्हणून मुलांच्या बाबतीत न्यायालयाचे पहिले काम वय विचारणे हे आहे, असे मी म्हणतो. आजचा कायदा त्याचा क्रमही ठरवून देतो: शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हे काम कारकुनी वाटते. पण त्या एका नोंदीवर मुलगा कोणत्या दारातून आत जाणार हे ठरते.

आता पुण्याच्या दुसऱ्या प्रकरणाकडे यावे लागते, कारण हा विषय काढला की कोणीही प्रथम तेच विचारतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता, असा आरोप आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. देशभर संताप उसळला. तीन दिवसांनी आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले, तर जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते पाठवणे बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. मधल्या काळात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आणि पालक अटकेत गेले. पुढे मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारने पदावरून दूर केले. त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली.

मी उभा जन्म लिहिण्यात घालवला. निबंध लिहून कोणी सुधारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तसे असते तर आम्हा लेखकांची चाल किती चांगली असती! पण त्या निबंधावर हसता हसता आपण एक मोठी गोष्ट गमावली. समुपदेशन, समाजसेवा, देखरेख ही या कायद्याची खरी हत्यारे आहेत. ती सगळीच लोकांच्या नजरेत त्या एका आदेशाने हास्यास्पद ठरली. तीनशे शब्दांपेक्षा मला खुपले ते वेगळेच. मोठ्या घरच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, कारण त्याच्यासाठी उभे राहायला माणसे होती. कायदा म्हणतो की मुलाला जामीन द्यायचाच, जामीनदार असो वा नसो. सुटल्यावर तो वाईट संगतीत पडेल किंवा त्याला धोका होईल असे वाटले तरच नाकारायचा. झोपडपट्टीतल्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याचा पत्ताच वाईट संगतीचा पुरावा ठरण्याची भीती असते. ज्याच्यासाठी धावणारे कोणी नाही, त्याच्यासाठी हा कायदा लिहिला गेला. धावणारे नाहीत म्हणून तोच आत राहत असेल, तर कायद्याने कोणाला काय दिले?

“पण ज्यांचा माणूस गेला त्यांचे काय?” हा प्रश्न मला वाचक विचारतील आणि त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या बसमध्ये जे घडले त्यानंतर हाच प्रश्न देशाने विचारला आणि २०१५ चा कायदा त्या संतापातूनच कडक झाला. माझ्या मुलीवर तसा प्रसंग आला असता तर मी अहिंसेची पोथी वाचत बसलो नसतो, हेही कबूल करतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे, अशा निर्घृण गुन्ह्यांसाठी कडक वाट कायद्यात आता आहेच. दुसरी म्हणजे, मुलांवरच्या बहुतेक प्रकरणांत असे गुन्हे नसतातच. देशात वर्षाला मुलांविरुद्ध साधारण तीस हजार गुन्हे नोंदले जातात. एकूण गुन्ह्यांच्या मानाने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. त्यांत चोऱ्या, मारामाऱ्या आणि इजा यांचा वाटा मोठा. पकडलेल्यांत चारातले तीन सोळा ते अठरा वयाचे. अशी प्रकरणे जास्त असणाऱ्या राज्यांत आपला महाराष्ट्र वरच्या रांगेत आहे, ही मात्र अभिमानाची गोष्ट नाही.

कडक शिक्षेने धाक बसतो असे आपल्याला मनापासून वाटते. अमेरिकेलाही वाटले. १९९० च्या दशकात तेथल्या राज्यांनी मुलांना धडाधड मोठ्यांच्या कोर्टात पाठवायला सुरुवात केली. २००७ साली तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुले मुलांच्या न्यायालयात राहिलेल्या मुलांपेक्षा नंतर जास्त गुन्हे करतात, असा त्याचा एकूण सूर होता. मला याचे आश्चर्य वाटले नाही. मी आठ दिवसांतच तसे घडताना पाहिले होते.

मग धाक नाही, निबंध नाही, तर गुन्हा थांबवते काय? येथे मला माझा जुना धंदा उपयोगी पडतो.

बँकेत कर्ज बुडते ते एका दिवसात नाही. आधी एक हप्ता चुकतो. तेव्हा जो अधिकारी त्या घरी जातो, ओट्यावर बसून चहा घेतो, “काय अडचण झाली?” म्हणून विचारतो, त्याची कर्जे सहसा वसूल होतात. जो नोटिशीचा मसुदा करत बसतो त्याचे नव्वद दिवस भरतात आणि खाते अनुत्पादक यादीत जाते. मग वकील, जप्ती, लिलाव, सगळे होते. पैसे मात्र येत नाहीत. कर्ज मंजूर करणाऱ्याची सही मोठी असते, पण कर्ज वाचवतो तो मागोवा घेणारा. मुलांच्या न्यायालयातही मंडळाने ‘देखरेखीखाली सोडावे’ असा हुकूम दिला म्हणजे मंजुरीची सही झाली. ती देखरेख करायला घरी जाणारा माणूस म्हणजे परिविक्षा अधिकारी. या सगळ्या यंत्रणेत मुलाच्या घराचा उंबरठा ओलांडणारा तोच एक. त्याच्याकडे किती मुले आहेत, त्याला जायला-यायला पैसे मिळतात का, त्याची जागा भरलेली तरी आहे का, यावर हुकुमाची किंमत ठरते.

या परिविक्षेची सुरुवात कशी झाली, ती कथा मोठी मौजेची आहे. १८४१ साली अमेरिकेत बोस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार सहज जाऊन बसला होता. एका दारुड्याला शिक्षा होणार, तेवढ्यात तो उठला आणि म्हणाला की याला मी जामीन राहतो, तीन आठवड्यांनी परत आणतो. तीन आठवड्यांनी तो माणूस आला तो शुद्धीवर आणि नीटनेटका. पुढच्या अठरा वर्षांत त्या चांभाराने सुमारे दोन हजार माणसांची हमी घेतली, त्यांत कितीतरी मुले होती. मी बँकेत हजारो जामीनदारांच्या सह्या घेतल्या, पण जामीन राहणे या शब्दाचा पुरता अर्थ मला त्या चांभाराने शिकवला.

आपल्याकडे या मागोव्याचे काय चालले आहे? २०२५ च्या नोव्हेंबरात ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने एक अहवाल काढला. ऑक्टोबर २०२३ अखेरची त्यातली स्थिती अशी की बाल न्याय मंडळांपुढची निम्म्याहून जास्त प्रकरणे पडून होती आणि चारातल्या एका मंडळात सदस्यच पूर्ण नव्हते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले एक वर्ष म्हणजे आपल्या दहा वर्षांसारखे असते. तेवढ्यात शाळा कायमची सुटते, संगत पक्की होते. उशिरा आलेला शहाणा हुकूम त्या मुलापर्यंत पोहोचतो तेव्हा ते मूल राहिलेले नसते. हे न्यायालयांना ठाऊक नव्हते असे नाही. १९८६ साली मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका, किरकोळ गुन्ह्यांचा तपास तीन महिन्यांत संपवा, असे बजावले होते. त्याला आता चाळीस वर्षे होत आली. हुकमाचा कागद चांगलाच होता. त्या कागदाच्या मागे चालत जाणारी माणसे कमी पडली.

आणखी एक प्रश्न न्यायालयाने पहिल्याच तारखेला विचारायला हवा. तांब्याच्या तारा मुलाने काढल्या. विकत कोण घेणार होते? पोराला माहीत असते की किलोला काय भाव मिळतो आणि कोण पावतीशिवाय घेतो. आमच्या परिसरात लोखंड आणि भंगार यांचा व्यवहार मोठा आहे, त्यात प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत. पण पोराच्या हातातली तार डोळे मिटून घेणारा एक पुरेसा असतो. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले का दिसतात? ‘याला काही होत नाही, लवकर सुटतो’ हे टोळीतल्या मोठ्यांना चांगले ठाऊक असते. मुलांकडून बेकायदा कामे करून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद सांगितली आहे. मोटार चालवायला देणाऱ्या पालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धाक बसवायचाच असेल तर तो येथे बसवावा. मूल हिशेब करून गुन्हा करत नाही, पण त्याला वापरणारा माणूस हिशेबी असतो आणि हिशेबी माणसाला शिक्षेचा आकडा कळतो.

सगळे न्यायालयावर टाकून आपण हात झटकावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. मंडळावर जे दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात ते आपल्यातूनच यायचे असतात. ‘समाजसेवा करावी’ असा हुकूम झाला तर ती करवून घेणारे वाचनालय, दवाखाना, वृद्धाश्रम आपल्याच गावात लागते. मुलगा शिकायला तयार झाला तर त्याला हाताखाली घेणारा गॅरेजवाला किंवा वायरमन आपल्याच ओळखीचा असतो. माझ्या चहावाल्या पोराला पुन्हा कामावर ठेवा, एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर त्याला कोणत्याही कलमाची गरज नव्हती.

त्या तारखेला मी बाईंबरोबर गेलो. त्यांचा एका दिवसाचा रोज बुडाला, माझे काहीच बुडाले नाही. आतले कामकाज बाहेरच्या माणसाला ऐकता येत नाही, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. शेजारी आणखी तीन-चार आया होत्या. वडील एकच होते. सगळ्यांच्या मांडीवर तशाच पिशव्या. पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. मुलगा मागे होता, मान खाली, पण हात मोकळे.

मी विचारले, “काय झालं, ताई?”

“पहिलं वय इचारलं बघा. मी दाखला काढून दिला. मग मॅडमनी त्याला इचारलं, शाळा कवा सोडली, का सोडली. त्यो बोलला. घरी इतकं बोलत न्हाई.” त्यांनी कागद माझ्याकडे दिला. पुढची तारीख महिन्याने होती. त्याआधी परिविक्षा अधिकारी घरी येऊन जाणार होते.

मी कागद वाचून दाखवला. बाईंनी तो नीट घडी करून धाकट्याच्या कप्प्यात ठेवला, पिशवीचे तोंड बांधले आणि रिक्षाच्या दिशेने चालता चालता थांबून विचारले, “येतील ना हो काका, ते साहेब? पत्ता जरा अवघड हाय आमचा.”